कळंबोलीच्या त्या मेस्त्रीमामांना

मामा, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मार्चमध्ये स्टील मार्केटजवळच्या टपरीवर जुन्या दहाचाकी ट्रकचा इसार द्यायला निघालेला तो पोरगा मी.

पन्नास हजार खिशात होते. गाडी अर्ध्या सेल्फात सुरू झाली, धूर नाही, आवाज गोड. मी खूश! तुम्ही चहा ठेवून आलात, रेडिएटरला हात लावलात आणि हळूच म्हणालात, "आधीच तापवून ठेवलीये. उद्या थंड असताना बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला तुम्ही माझ्याआधी हजर! थंड इंजिन चार वेळा सेल्फ मारल्यावर उठलं आणि निळा धूर सोडत राहिलं, म्हणजे ऑईल जळतंय. मग ऑईल भरायचं झाकण उघडून तुम्ही तिथेच उलटं ठेवलंत. ते टुणटुण उडायला लागलं, भोकातून धुराचे भपकारे. "पिस्टनच्या रिंगा गेल्यात. कॉम्प्रेशन खाली उतरतंय. पूर्ण इंजिनकाम निघणार." मालक गप्प. खरं तर झाकण उडताना बघून मलाच हसू येत होतं, रडण्याऐवजी.

मी वाकून बघत होतो, शर्टभर ऑईल उडालं. तुम्ही गॅरेजमधून स्वतःचा धुतलेला शर्ट आणून दिलात. पैसे काढले तर ओरडलात, नुसता चहा घेतलात.

नंतर दुसरी गाडी घेतली, थंड असतानाच तपासून. मामा, मनापासून आभार. तुमचा चौकड्याचा शर्ट इस्त्री करून केबिनमध्येच ठेवलाय. दोनदा येऊन गेलो, शटर बंद होतं. पुन्हा येतोय.