आधी दंड मोजा, मग रक्तदाब

संपादक महोदय,

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये हृदयविकार जास्त का, असा प्रश्न निघाला की ‘आनुवंशिक असणार’ म्हणून विषय मिटवला जातो. खरा घात करतो तो उच्च रक्तदाब. तो त्यांना इतरांपेक्षा लवकर गाठतो आणि वर्षानुवर्षे काही दुखत-खुपत नाही.

तो मोजण्यातच गफलत होते. दंड जाड आणि त्याला बांधायचा यंत्राचा पट्टा नेहमीच्या मापाचा असला की आकडा फुगतो. बाल्टिमोरमधल्या एका चाचणीत (निष्कर्ष २०२३), ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचाच बांधला, तर वरचा आकडा सरासरी १९.५ ने जास्त आला. म्हणजे १२५ चे जवळजवळ १४५, आणि नको असलेली गोळी सुरू! शिंप्याच्या टेपने दंडाचा घेर मोजावा, पट्ट्यावर छापलेल्या सेंटिमीटरशी ताडून पाहावा. मग पाच मिनिटे पाठ टेकून गप्प बसावे, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला, बाही वर सारून नव्हे तर उघड्या दंडावर. मिनिटभराने पुन्हा मोजावे. १३०/८० किंवा त्यापुढे अमेरिकेत उच्च रक्तदाब धरतात.

दुसरा मुद्दा मिठाचा. कॉलर्ड ग्रीन्स ही त्यांची पालेभाजी उत्तमच. पण ती खारवलेल्या, धुरी दिलेल्या डुकराच्या मांसाबरोबर तासन्‌तास शिजते. मीठ रश्श्यात उतरते आणि मक्याच्या पावाबरोबर तो रस्साही संपतो. भाजी सोडायची नाही, मांस वगळायचे. कांदा, लसूण, व्हिनेगर, सुकी मिरची घालायची. डुकराऐवजी धुरी दिलेली टर्की घातली तरी मिठाचा प्रश्न उरतोच. दिवसाचे २३०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे जेमतेम चहाचा चमचाभर मीठ, आणि त्यात डबाबंद सूपही आलेच. फळे, भाज्या आणि कमी स्निग्धांशाच्या दुधाच्या ‘डॅश’ आहाराने, मीठ न घटवताही, उच्च रक्तदाबाच्या कृष्णवर्णीय रुग्णांचा वरचा आकडा सुमारे १३ ने उतरल्याची नोंद आहे. एखाद्या गोळीइतकाच हा गुण!

गोळ्यांत थायझाइड (लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारे औषध) किंवा ॲम्लोडिपिनच्या गटातले औषध या रुग्णांना सहसा चांगले लागू पडते. नुसत्या ‘प्रिल’ गटाचा (एनालाप्रिलसारख्या, नावाच्या शेवटी ‘प्रिल’ असलेल्या गोळ्यांचा) परिणाम कमी दिसतो. शिवाय गरोदरपणात ‘प्रिल’ चालत नाही.

गरोदरपणात रक्तदाब चढला असेल, तर बाळंतपणानंतर तो उतरला म्हणून विसरू नये. हृदयाचा धोका पुढेही राहतो. वीस वर्षांनी नव्या डॉक्टरकडे गेल्यावरही ही माहिती आपणहून द्यावी. ते विचारतीलच असे नाही.

— एक वाचक