राजनय शिकवताना करारांची मूळ संहिता वाचून घ्या

महोदय,

पदव्युत्तर पातळीवर आंतरराष्ट्रीय संबंध आणि राजनय (देशादेशांतील मुत्सद्देगिरी) हे विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यांचा बराचसा वेळ वास्तववाद, उदारमतवाद आणि रचनावाद या राष्ट्रांच्या वागण्याची कारणे सांगणाऱ्या सिद्धान्तांच्या मांडण्या पाठ करण्यात जातो. ज्या करारांवर, ठरावांवर आणि परिषदांच्या इतिवृत्तांवर हा विषय उभा आहे, त्यांची मूळ संहिता मात्र अनेकांच्या हाती कधी पडतच नाही. हा विषय शिकवणारा एक अध्यापक या नात्याने ही उणीव मला गंभीर वाटते आणि ती अभ्यासक्रम आखणाऱ्यांपर्यंत पोहोचावी म्हणून हे पत्र लिहीत आहे.

राजनैतिक संबंधांविषयीच्या 1961 च्या व्हिएन्ना कराराचेच उदाहरण घ्या. दूतावासाची वास्तू अनुल्लंघनीय आहे आणि यजमान देशाच्या अधिकाऱ्यांना दूतावासप्रमुखाच्या संमतीशिवाय तिथे पाऊल टाकता येत नाही, असे त्याचे 22 वे कलम सांगते. परीक्षेपुरते एवढे पुरते. पण वर्गात ते कलम समोर ठेवून, दूतावासाला आग लागली आणि राजदूताशी संपर्क होत नसेल तर अग्निशमन दलाने काय करावे, असा प्रश्न विचारला की विद्यार्थी कलमाचा शब्दन् शब्द तपासू लागतात आणि तिथे आगीचा अपवादच नाही हे त्यांच्या लक्षात येते. त्यानंतर वाणिज्य दूतावासांविषयीचा, म्हणजे परदेशातील आपल्या नागरिकांची आणि व्यापाराची कामे पाहणाऱ्या कचेऱ्यांविषयीचा, 1963 चा करार उघडावा. त्याच्या 31 व्या कलमात आग किंवा तत्काळ उपाय आवश्यक असलेल्या अन्य आपत्तीत प्रमुखाची संमती गृहीत धरता येते. दोनच वर्षांच्या अंतराने, त्याच शहरात झालेल्या दोन करारांत हा फरक का पडला? उत्तरासाठी परिषदांची इतिवृत्ते चाळावी लागतात, आणि आणीबाणीचे निमित्त करून यजमान देश आत शिरेल ही दूतावासांची धास्ती त्यांत भेटते. राष्ट्रांचा परस्परांवरील अविश्वास कायद्याच्या भाषेत कसा उतरतो, हे इथे जितके स्पष्ट दिसते तितके ते कोणत्याही सिद्धान्ताच्या सारांशात दिसत नाही.

वाटाघाटींचेही तसेच आहे. सागरी कायद्याविषयीच्या तिसऱ्या संयुक्त राष्ट्र परिषदेचे काम 1973 ते 1982 असे चालले. सागरतळ ही साऱ्या मानवजातीची सामायिक ठेव मानावी, हा आग्रह 1967 मध्ये माल्टासारख्या चिमुकल्या देशाचे प्रतिनिधी आर्विद पार्दो यांनी संयुक्त राष्ट्रांत धरला होता, आणि परिषदेच्या अखेरच्या टप्प्यात अध्यक्षपदी सिंगापूरचे टॉमी कोह होते. किनाऱ्यालगतच्या देशांना 12 सागरी मैलांचा प्रादेशिक समुद्र, म्हणजे स्वतःच्या सार्वभौमत्वाखालील सागरी पट्टा, हवा होता, तर मोठ्या नौदलांना सामुद्रधुन्यांतून विनाअडथळा ये-जा हवी होती. दोन्ही मागण्या एकाच गाठोड्यात बांधल्या गेल्या तेव्हा कुठे तोडगा दृष्टिपथात आला. तरीही 30 एप्रिल 1982 रोजी मतदान घ्यावेच लागले. करार 130 विरुद्ध 4 मतांनी संमत झाला, 17 देश तटस्थ राहिले आणि विरोध करणाऱ्यांत अमेरिका होती. सत्ता म्हणजे केवळ लष्करी बळ, असे गृहीत धरून आलेल्या विद्यार्थ्याला छोट्या देशांनी मसुदा कसा पुढे रेटला हे समजून घेताना आपले गृहीतक स्वतःच तपासावे लागते.

सिद्धान्त नकोत, असे माझे म्हणणे नाही. पहिल्या महायुद्धाच्या संहारानंतर 1919 मध्ये वेल्समधील अ‍ॅबरिस्टविथ येथे या विषयाचे पहिले अध्यासन स्थापन झाले, तेही युद्ध का होते या प्रश्नाचे पद्धतशीर उत्तर शोधण्यासाठीच. परंतु सिद्धान्ताची कसोटी लागायला पुरावा लागतो, आणि पुरावा वाचण्याची सवय आपोआप लागत नाही.

म्हणून माझी विनंती मर्यादित आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमातील किमान एका विषयपत्रिकेचे मूल्यमापन लेखी परीक्षेऐवजी एखाद्या कराराचा मसुदा, त्यावरील वाटाघाटींचे सत्र आणि आपण कोणती मागणी कशाच्या बदल्यात सोडली याचे लेखी समर्थन यांवर व्हावे. त्यासाठी नव्या इमारती किंवा मोठा निधी लागत नाही. संयुक्त राष्ट्रांचे बहुतांश ठराव आणि करार कोणालाही विनामूल्य वाचता येतात. अध्यापकांना ते वर्गात उलगडण्यासाठी वेळापत्रकात तास मात्र मिळायला हवेत.

आपला,
आंतरराष्ट्रीय संबंध विषयाचा एक अध्यापक