सूर्याचे न सुटलेले कोडेही छापा

महोदय,

१६ फेब्रुवारी १९८० रोजी खग्रास सूर्यग्रहण पाहायला मी सोलापूरहून रेल्वेने रायचूरला गेलो होतो. भर दुपारी अंधारले आणि काळ्या बिंबाभोवती मोत्याच्या रंगाचे प्रभामंडळ पसरले. ते दृश्य आजही डोळ्यांपुढून हलत नाही.

पुढे तीस वर्षे विज्ञान शिकवताना एक प्रश्न मुलांना आवर्जून घातला. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५,५०० अंश सेल्सिअस, मग त्याच्या वरचे हे विरळ प्रभामंडळ दहा लाख अंशांहून तप्त कसे? चुलीपासून दूर जावे तसे अधिक भाजावे, असाच हा प्रकार! चुंबकीय क्षेत्रातील लहरी ही ऊर्जा वर नेतात, की असंख्य सूक्ष्म स्फोट? दोन्हींचा वाटा किती, हे अजून ठरलेले नाही.

२४ डिसेंबर २०२४ रोजी ‘नासा’चे ‘पार्कर’ यान सूर्यपृष्ठापासून अवघ्या ६१ लाख किलोमीटरवरून गेले. आपले ‘आदित्य-एल१’ यान जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर राहून सूर्य न्याहाळते आहे. त्यावरील अतिनील दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेने घडवली. बातम्या मात्र बहुतेकदा उड्डाणापाशीच थांबतात. यानाने पुढे काय पाहिले, हे मुलांना कळायला नको का?

आपल्या रविवार पुरवणीत महिन्यातून एकदा ‘आदित्य’ची ताजी छायाचित्रे आणि त्यांतून उभा राहिलेला एखादा प्रश्न सोप्या मराठीत द्यावा, ही कळकळीची विनंती.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सोलापूर