रोजगार मेळावे पुरेत, रात्री सव्वाअकराची बस सोडा

मा. कौशल्य विकास मंत्री,
गोवा सरकार, पणजी.

सप्रेम नमस्कार.

कुंडई औद्योगिक वसाहतीत माझं लहानसं मशीन शॉप आहे. संगणकावर चालणारी दोन सीएनसी यंत्रं, तीन साधी लेथ, एक मिलिंग आणि २२ माणसं. औषध कारखान्यांच्या यंत्रांचे सुटे भाग आम्ही करून देतो. 'गोव्यात कुशल कामगार मिळत नाहीत' हे पालुपद मीही बरीच वर्षं आळवलं. हल्ली ते म्हणताना जीभ अडखळते.

गेल्या पावसाळ्यात महिन्याभरात माझे दोन टर्नर, म्हणजे लेथ चालवणारे कारागीर, गेले. एक पोर्तुगीज पासपोर्ट करून लिस्बनला, दुसरा जहाजावर. त्यांना दोष देत नाही. मी त्यांच्या वयाचा असतो तर गेलो असतो. मी पेपरात जाहिरात दिली: 'अनुभवी टर्नर पाहिजे. पगार योग्यतेनुसार. समक्ष भेटा.' चार जण आले. त्यातल्या दोघांना ऑफिसातलं काम हवं होतं.

आमच्या हिशेब बघणाऱ्या बाई म्हणाल्या, "म्हापशाच्या बाजारात भाजीवालीने 'भाव तुमची पिशवी बघून सांगते' म्हटलं, तर तुम्ही थांबाल का?" मी गप्प. दुसरी जाहिरात त्यांनीच लिहिली. पगार २४ ते २८ हजार. पीएफ. पगार २१ हजारांच्या वर गेला की ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, सुटतो, म्हणून कंपनीच्या खर्चाने वेगळा आरोग्यविमा. आठवड्याआड सेकंड शिफ्ट. चवथीला पाच दिवस सुट्टी. नोकरी थेट कंपनीची, काँट्रॅक्टरची नाही. दोन दिवस फोन खाली ठेवायला मिळाला नाही. वाळपई, डिचोली, पेडणे, पार सावंतवाडीहून फोन आले. माणसं होती, साहेब. आम्हीच त्यांच्यापासून भाव लपवून बसलो होतो.

आलेल्यांत डिचोली तालुक्यातल्या साखळीकडचा एक मुलगा होता. आयटीआय झालेला, चार वर्षं हात चाललेला. मी त्याला एक शाफ्ट मापायला दिला. त्याने व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, उचललं, जबडे मिटवून शून्य जुळतंय का ते उजेडाकडे धरून पाहिलं आणि मगच शाफ्टला लावलं. माझ्या मनात नेमणूक तिथेच झाली. मग त्याने विचारलं, "सेकंड शिफ्ट अकराला सुटते ना? मग घरी जाऊ कसा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या वेळी साखळीकडे जाणारी बस नाही. मोटरसायकल घे म्हणणं सोपं आहे. जुलैच्या पावसात रात्री साडेअकराला माशेल, आमोणेमार्गे त्या रस्त्याने आपण स्वतः एकदा दुचाकीवर जाऊन बघावं. त्याची आई नको म्हणाली. तो आता बार्देशातल्या एका हॉटेलात मेंटेनन्सला आहे. पगार मी देणार होतो त्यापेक्षा कमी, पण न्यायला-आणायला गाडी आणि दोन वेळचं जेवण. टर्नरचा हात आता तिथल्या नळांचे वॉशर बदलतो.

म्हणून मागतो ते एवढंच: वसाहतीच्या गेटवरून रात्री सव्वाअकराला एक बस, माशेल, आमोणे, साखळीमार्गे वाळपईपर्यंत. तशीच दुसरी फोंड्याकडे. फुकट नको. आम्ही पाच-सहा लहान कारखानदार मिळून महिन्याच्या सीटचे पैसे आगाऊ भरू. एकट्याने गाडी लावणं मात्र आमच्या आवाक्याबाहेर आहे. सेकंड शिफ्टला माझी माणसं सहा, शेजाऱ्याची चार. मोठ्या कंपन्यांच्या बसेस आमच्या गेटसमोरून अर्ध्या रिकाम्या जातात, तो विषय वेगळा. परिवहन खातं आपल्याकडे नसेल, पण मंत्रिमंडळाच्या बैठकीत शेजारच्या खुर्चीशी बोलता येतं.

रोजगार मेळाव्यांबद्दल थोडं. मी दोनदा टेबल मांडून बसलो. बायोडेटांचा गठ्ठा घरी आणला, कामाला कुणी आलं नाही. यापुढे मेळावा भरवलात तर एक अट घाला: टेबलावर पगार आणि शिफ्टची वेळ ठळक लिहिल्याशिवाय कुणाला बसू देऊ नका. निम्मे मालक चिडतील. चिडू देत.

शिकाऊ उमेदवारांचंही आमच्याकडे असंच. कायद्याने ३० किंवा अधिक माणसं असतील तर शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. ४ ते २९ असतील तर मालकाची मर्जी. वसाहतीतल्या कितीतरी लहान मालकांना वाटतं, आपल्याला ते घेताच येत नाहीत. केंद्राच्या योजनेतून विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, सरकार थेट उमेदवाराच्या खात्यात भरतं हेही ठाऊक नसतं. आणि जे घेतात ते काय करतात? पोराला चहा आणायला पाठवतात, लेथखालचा लोखंडाचा कीस गोळा करायला लावतात, आणि वर्षाने तो गेला की आयटीआयच्या नावाने खडे फोडतात. मीही केलंय. फर्मागुढीच्या किंवा डिचोलीच्या आयटीआयतल्या निदेशकाने तीन महिन्यांतून एकदा कारखान्यात येऊन पोराच्या हातून एक सुटा भाग करवून बघितला, तर आम्हा मालकांची लाज तरी राहील.

शेवटचं कागद नसलेल्या माणसांविषयी. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा माझ्याकडे खाणीच्या वर्कशॉपमधला एक वेल्डर आला. शिक्षण सातवी. डंपरच्या फुटलेल्या चेसिसवर त्याने उलट्या अंगाने झोपून जे वेल्डिंग शिकलं, ते कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. मी ठेवला, पण प्रमाणपत्र नाही म्हणून गिऱ्हाइकाच्या ऑडिटमध्ये त्याचं नाव हेल्पर म्हणून लिहिलं आणि पगारही हेल्परच्याच आसपास राहिला. अनुभवाने शिकलेल्याची परीक्षा घेऊन दाखला देण्याची केंद्राची आरपीएल योजना आहे. ती परीक्षा इथे वसाहतीत घ्या. जागा, मशीन, रॉड, वीज माझी. रविवार सांगा, मी शटर उघडून ठेवतो. तो वेल्डर आता ५३ वर्षांचा आहे. पहिलं नाव त्याचं लिहून घ्या.

दुसऱ्या टर्नरची जागा अजून रिकामी आहे. लेथवर पांघरलेली ताडपत्री मी अजून काढलेली नाही.

आपला,
कुंडई वसाहतीतील एक लघुउद्योजक