भुताच्या गोष्टीचेही परीक्षण हवे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारची पुरवणी आली की मी आधी पुस्तकांचे पान उघडते. नव्या लेखकांच्या गूढकथा-अद्भुतकथा तिथे दिसतात त्या फक्त ‘साभार पोच’मध्ये. नाव, पाने, किंमत, संपले.

सव्वीस वर्षे मी एका सार्वजनिक ग्रंथालयात देवघेवीला बसले. भयकथाकार नारायण धारपांच्या पुस्तकांची बांधणी पुनःपुन्हा करून घ्यावी लागे, इतकी ती हाताळली जात. धारप २००८ मध्ये गेले, गूढकथा लिहिणारे रत्नाकर मतकरी २०२० मध्ये. “आता असे कोण लिहिते?” हा प्रश्न मी निवृत्त होईपर्यंत वाचक विचारत राहिले. लिहिणारे आहेत. त्यांचे पुस्तक कसे आहे, हे सांगणारे कुणी नाही.

परवा एका तरुणाने पदरचे पैसे घालून छापलेला कथासंग्रह हाती आला. पहिली कथा आमच्याच भागातल्या यंत्रमाग कारखान्यातली. रात्रपाळीत वीज जाते, सगळे माग थांबतात, एकाचा धागा नेणारा धोटा मात्र चालूच राहतो. मागांची खटखट ऐकत वाढलेल्या माणसाला ती खटखट थांबली की आधीच धस्स होते. लेखकाने हे नेमके पकडले आहे. भुताआधी तो शांतता आणतो. सकाळी त्या मागावर हातभर कापड विणलेले सापडते आणि त्यातला बाणा, म्हणजे आडवा धागा, कारखान्यात कधीच न आलेल्या रंगाचा असतो. इथे मी पुस्तक खाली ठेवले आणि दाराची कडी पाहून आले.

पण मग कोण मेले, कसे मेले, हे तो नऊ पाने समजावत बसतो आणि सगळी भीती विरते. दुसऱ्या कथेतले भूत भिंतीतून आरपार जाते, तेच चार पानांनंतर बंद दारापाशी अडते. अद्भुताचे नियम लेखकच घालतो, मग ते त्याने पाळायला नकोत? हे त्या मुलाला कुणीतरी छापून सांगायला हवे. मित्रमंडळी ‘मस्त’ म्हणून मोकळी होतात.

अशा कथांनी अंधश्रद्धा वाढते, असे काही जाणती माणसे म्हणतात. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला, तो मला मनापासून हवा होता. तो भीती घालून लोकांना लुबाडणाऱ्यांसाठी आहे. गोष्ट वाचणारा ती गोष्ट म्हणूनच वाचतो. शिवाय दर संक्रांतीला कुंभारकन्येच्या योगदंडाशी लागणाऱ्या लग्नाच्या अक्षता टाकायला सिद्धेश्वराच्या यात्रेत लोटणाऱ्या आपल्या गावाला अद्भुताचे वावडे कधी होते?

महिन्याला एक तरी परीक्षण द्या. अनोळखी लेखकाचे, लहान प्रकाशकाचे पुस्तक मुद्दाम निवडा. शेवट फोडू नका. ‘नवे धारप’ असा शिक्का मारू नका, त्यातून वाचकाला काहीच कळत नाही. भीती कुठे लागते, कुठे सुटते, भाषा कुठली आहे, ते लिहा. पुस्तक फसले असेल तर तसेही लिहा. साभार पोचेपेक्षा लेखकाला ते पुष्कळ उपयोगी पडेल.

हा संग्रह मी कार्यालयात आणून देते. जिथे भीती विरते, त्या पानावर खूण घातली आहे.

आपली,
एक निवृत्त ग्रंथालय कर्मचारी,
अशोक चौक, सोलापूर