बायोलॉजिक इंजेक्शनच्या पेटीबरोबर मराठी कागदही द्या

महोदय,

डिसेंबर २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने अ‍ॅडालिमुमॅबचे जगातले पहिले बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतेजुळते दुसऱ्या कंपनीचे औषध, भारतात आणले. हे औषध बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेले आहे. पुढे आणखी कंपन्या आल्या आणि किमती उतरल्या. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस (सांधे सुजवणारा संधिवात), अँकायलोजिंग स्पॉन्डिलायटिस (मणक्याचा संधिवात), सोरायसिस, क्रोन्स (आतड्यांची सूज) अशा आजारांनी वर्षानुवर्षे गांजलेली माणसे आज दर पंधरा दिवसांनी ४० मिलिग्रॅमचे इंजेक्शन घरच्या घरी घेतात. ही फार चांगली गोष्ट आहे. पण पेटीत घडी घालून ठेवलेला कागद असतो इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत, आणि ज्याच्या हाती तो पडतो त्याला सकाळी बोटे आखडल्यामुळे घडीही नीट उलगडता येत नाही. त्या कागदावरचे निदान एवढे तरी मराठीत सांगितले गेले पाहिजे.

सर्वांत आधी क्षयरोग. आपल्याकडे असंख्य लोकांच्या शरीरात क्षयाचे जंतू निपचित पडून असतात. शरीर त्यांच्याभोवती पेशींचे कडे करून त्यांना कोंडून ठेवते आणि ते कडे टिकवण्यात टीएनएफ-अल्फा या रसायनाचा मोठा वाटा असतो. सांध्यांची सूज उतरावी म्हणून अ‍ॅडालिमुमॅब नेमके तेच रसायन अडवते. कडे ढिले पडले की जंतू बाहेर येतात, आणि अशा रुग्णांत क्षय पुष्कळदा फुप्फुसाबाहेर, म्हणजे गाठींत, पोटात किंवा मणक्यात होतो. त्यामुळे खोकला नाही म्हणजे टीबी नाही, असे धरून चालत नाही. संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, उतरणारे वजन, मानेत गाठ, यांतले काहीही दिसले तर पुढचे इंजेक्शन थांबवून डॉक्टरांकडे जावे.

म्हणूनच पहिल्या इंजेक्शनच्या आधी छातीचा एक्स-रे आणि माँटू (हाताच्या कातडीत टोचून करायची) किंवा इग्रा (रक्ताची) चाचणी व्हायलाच हवी. माँटूची सूज ४८ ते ७२ तासांत मोजावी लागते. चौथ्या-पाचव्या दिवशी दाखवायला गेलेल्या हाताचा उपयोग नाही. दुसरी चूक रिपोर्ट वाचताना होते. एरवी १० मिमीपर्यंतच्या सुजेकडे फारसे कोणी पाहत नाही. पण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांत ५ मिमी सूजही पॉझिटिव्ह धरतात. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून डॉक्टरांना त्या आवर्जून सांगाव्यात. चाचणी पॉझिटिव्ह आली तर आधी सक्रिय क्षय नाही याची खात्री करायची, मग प्रतिबंधक उपचार सुरू करायचे आणि साधारण महिनाभराने बायोलॉजिक. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत टीएनएफ-विरोधी औषधे घेणाऱ्यांचा या प्रतिबंधक उपचारासाठी समावेश आहे. खासगी दवाखान्यात उपचार घेणाऱ्या किती जणांना हे कोणी सांगते? याच वेळी रक्तात हिपॅटायटिस बी या यकृताच्या संसर्गासाठी एचबीएसएजी चाचणीबरोबर, जुना संसर्ग दाखवणारी अँटी-एचबीसी चाचणीही पाहावी, कारण जुना दबलेला विषाणूही या औषधाने उठू शकतो.

दुसरी गोष्ट थंडाव्याची. हे औषध म्हणजे प्रथिन आहे. २ ते ८ अंश सेल्सिअस हे त्याचे घर. उष्णतेची भीती सगळ्यांना असते, गोठण्याची कोणालाच नसते. मेडिकलवाला काळजीपोटी डीप फ्रीझरमधला दगडासारखा जेल पॅक थेट पेटीला चिकटवून देतो आणि तासाभराच्या प्रवासात सिरिंज गोठते. घरी पोचेपर्यंत ती वितळते, दिसायला पूर्वीसारखीच दिसते, पण ती वापरायची नसते. पॅक आणि पेटी यांच्यामध्ये वर्तमानपत्राची जाड घडी किंवा टॉवेल हवाच. घरात एकदारी फ्रिज असेल तर फ्रीझरच्या खालचा ट्रे टाळावा, तिथे पाण्याची बाटलीसुद्धा कधी कधी गोठते. दारातला कप्पाही नको, दर उघडझापीला तो तापतो. मधला कप्पा, मागच्या भिंतीला न टेकता, आणि प्रकाश लागू नये म्हणून मूळ पेटीतच.

मूळ औषधाच्या माहितीपत्रकात २५ अंशांपर्यंत १४ दिवस फ्रिजबाहेर ठेवण्याची मुभा आहे. आपल्या ब्रँडचे पत्रक काय म्हणते ते वेगळे पाहावे. शिवाय मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याच्या घरातली खोली म्हणजे २५ अंश नव्हे. वीज गेली तर फ्रिजचे दार उघडून ‘अजून गार आहे का’ पाहत बसू नये, बंद दारात थंडावा बराच टिकतो. पेटी बाहेर काढली तर काढल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहावी.

टोचण्याचे काम त्या मानाने सोपे. इंजेक्शन १५ ते ३० मिनिटे आधी बाहेर काढून ठेवावे; थंडगार औषध जास्त झोंबते. गरम पाण्यात बुडवू नये, हलवू नये. इंजेक्शनवरच्या पारदर्शक खिडकीतून द्रव पाहावा: तो स्वच्छ असायला हवा. गढूळ असेल किंवा कण दिसले तर वापरू नये. लहानसा हवेचा बुडबुडा चालतो, तो बाहेर काढण्याच्या नादात औषध सांडते. जागा मांडीचा पुढचा भाग किंवा पोट, बेंबीपासून किमान ५ सेंटिमीटर दूर. मागच्या जागेपासून किमान अडीच सेंटिमीटर सरकावे. सोरायसिसचा चट्टा, व्रण, निळी-काळी पडलेली किंवा घट्ट झालेली त्वचा सोडून द्यावी. स्पिरिट पूर्ण वाळू द्यावे.

सिरिंज असेल तर कातडी चिमटीत धरून ४५ अंशांत, पेन (बटण दाबले की आपोआप टोचणारे इंजेक्शन) असेल तर सरळ ९० अंशांत. पेनमध्ये दोन चुका सारख्या होतात. एक, सुई कोणत्या टोकाला आहे ते न पाहता अंगठा तिथेच ठेवला जातो आणि औषध अंगठ्यात जाते. दुसरी, पहिला ‘टक’ आवाज आला की झाले असे समजून पेन उचलले जाते आणि निम्मे औषध कातडीवर ओघळते. मनात पंधरापर्यंत मोजावे, खिडकीतला रंग पूर्ण भरल्याचे पाहावे, मगच उचलावे. औषध ओघळलेच तर लगेच दुसरे पेन टोचू नये, डॉक्टरांना विचारावे. ब्रँड बदलला की पेनची टोपी आणि बटणही बदलते. तेव्हा नव्याने दाखवून घेण्यात कमीपणा नाही.

ताप आहे, लघवीला जळजळते, दाढेत पू आहे किंवा प्रतिजैविके चालू आहेत, अशा वेळी इंजेक्शन आपल्या मनाने घेऊ नये, आधी फोन करावा. डोस चुकला तर आठवल्याबरोबर घ्यावा, पुढचा ठरल्या दिवशीच. दोन एकदम कधीही नाहीत. बरे वाटते म्हणून मधले डोस गाळले तर शरीर औषधाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू शकते आणि पुढे तेच औषध लागू पडेनासे होते. सोबत दिलेले मेथोट्रेक्झेट हे प्रतिकारशक्ती आवरणारे औषध याही कारणासाठी असते. ते आठवड्यातून एकदाच, रोज नाही. मोठी शस्त्रक्रिया ठरली असेल तर तारखेचा मेळ सर्जन आणि ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट (संधिवाततज्ज्ञ) दोघांनी मिळून घालावा.

गोवर, कांजिण्या अशा जिवंत लसी या औषधावर असताना घेता येत नाहीत. आणि एक गोष्ट आपल्याकडे विशेष महत्त्वाची: आईने गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत हे इंजेक्शन घेतले असेल तर ते बाळाच्या रक्तातही पोचते. आपल्याकडे बीसीजी, म्हणजे क्षयाविरुद्धची जिवंत लस, जन्मल्याबरोबर टोचतात. अशा बाळाला ती पहिले ६ महिने देऊ नये, आणि हे प्रसूतिगृहाला आधीच लेखी कळवलेले असावे.

राहिली वापरलेली सुई. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ती घरगुती घातक कचऱ्यात धरली होती. प्रत्यक्षात ती घंटागाडीत जाते आणि कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बाईच्या बोटात घुसते. टोपी परत लावायचा प्रयत्न न करता सुई जाड प्लास्टिकच्या, झाकणाच्या डब्यात टाकावी. फॅब्रिक कंडिशनरची रिकामी बाटली चालते. भरलेला डबा परत घेण्याची सोय विक्रेत्यांनी किंवा महापालिकेच्या दवाखान्यांनी केली तर लोक नक्की आणून देतील.

आमची मागणी मोठी नाही. अन्न व औषध प्रशासनाने कंपन्यांना आणि विक्रेत्यांना प्रत्येक पेटीबरोबर ठळक अक्षरांतला एक मराठी कागद द्यायला लावावा. त्यावर बॅच नंबर आणि तारीख लिहायला जागा असावी, आणि दुष्परिणाम कळवण्यासाठी भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा विनाशुल्क क्रमांक छापलेला असावा.

– रुग्णालयीन औषधनिर्माते, कोल्हापूर