ट्रेलरची जोडणी उजेडात आणि सवडीने व्हावी

महोदय,

उरण-पनवेल पट्ट्यात एखादा कंटेनर ट्रेलर घोड्यापासून, म्हणजे त्याला ओढणाऱ्या पुढच्या इंजिनाच्या गाडीपासून, सुटून रस्त्यात आडवा झाला, की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘चालकाचे नियंत्रण सुटल्याने’ किंवा ‘ब्रेक निकामी झाल्याने’ एवढेच कारण बहुधा छापून येते. भरधाव जाऊन उलटलेल्या गाडीच्या बाबतीत ते खरेही असेल. परंतु चालत्या घोड्यामागून ट्रेलर निसटतो, तेव्हा चूक पुष्कळदा काही तास आधी, कोठल्या तरी यार्डात, ट्रेलर जोडतानाच होऊन गेलेली असते, आणि तिची चौकशी सहसा कोणी करत नाही. ट्रेलर वाहतुकीच्या व्यवसायात असल्यामुळे या जोडणीविषयी चार गोष्टी आपल्या वाचकांपुढे मांडाव्यात, यासाठी हे पत्र.

घोड्याच्या मागच्या चाकांच्या वर एक जाड, ग्रीस माखलेली, मागच्या बाजूने खाच असलेली लोखंडी चकती असते. तिला फिफ्थ व्हील किंवा टर्नटेबल म्हणतात. ट्रेलरच्या पुढच्या भागाखाली एक ठसठशीत पिन असते, ती किंगपिन. घोडा मागे घेतला की ही पिन खाचेतून आत सरकते आणि चकतीतला जबडा तिच्या मानेभोवती मिटतो. ट्रेलर ओढण्याचा सगळा ताण या एका जागी येतो. प्रचलित किंगपिनेची मान दोन इंच, म्हणजे ५०.८ मिलिमीटर जाडीची असते, आणि झिजून ती ४९ मिलिमीटरवर आली की पिन बदलावी, असे उत्पादक सांगतात. २०१८ साली केंद्र सरकारने आसभाराची, म्हणजे प्रत्येक आसावर (अॅक्सलवर) येणाऱ्या वजनाची, मर्यादा वाढवल्यानंतर मोठ्या ट्रेलरचे एकूण वजन ५५ टनांपर्यंत जाऊ शकते. ते ओढणाऱ्या पिनेला झीज सोसण्यासाठी दोन मिलिमीटरांचीही मुभा नाही, ही गोष्ट ट्रेलरच्या कित्येक मालकांनाही ठाऊक नसते.

जोडणीत सर्वांत जास्त घोळ होतो तो उंचीचा. ट्रेलरचा खालचा पत्रा चकतीच्या माथ्यापेक्षा किंचित खाली असावा लागतो. घोडा मागे आला की चकतीचा उतार त्या पत्र्याखाली शिरून ट्रेलरला अलगद उचलतो आणि पिन नेमक्या पातळीवर जबड्यात जाते. ट्रेलर फार खाली असेल, तर घोडा त्याच्या तोंडावर आदळतो. त्यात नुकसान होते, पण निदान ते लगेच दिसते. ट्रेलर वर राहिला, तर मात्र खरा धोका संभवतो. अशा वेळी पिनेचे फक्त खालचे टोक जबड्यात किंवा जबड्यावर अडकते, बाहेरून पाहणाऱ्याला जोडणी झाल्यासारखी वाटते, गाडी फाटकातून बाहेरही पडते, आणि पुढे एखाद्या खड्ड्यात किंवा वळणावर पिन निसटते.

युरोपातल्या बहुतेक घोड्यांना मागे हवेच्या फुग्यांचे सस्पेन्शन असते. तिथला चालक बटण दाबून मागचा भाग खाली घेतो, ट्रेलरखाली शिरतो आणि पुन्हा वर उचलतो. आपल्याकडचे बहुतेक घोडे पाट्यांच्या स्प्रिंगवर चालतात, त्यामुळे उंची जुळवायची ती ट्रेलरच्या पुढच्या पायांनी, म्हणजे लँडिंग लेगने. या पायांचे हँडल दोन गिअरमध्ये फिरते. रिकाम्या ट्रेलरसाठी जलद गिअर असतो आणि भरलेल्यासाठी सावकाश. त्या सावकाश गिअरमध्ये हँडलचे कितीतरी वेढे घ्यावेत, तेव्हा कुठे ट्रेलर बोटभर खाली येतो. चाळीस फुटी भरलेला कंटेनर, मे महिन्यातली दुपार आणि मागे रांगेत वाजणारे हॉर्न, अशा परिस्थितीत हे वेढे टाळून घोडा तसाच मागे रेटण्याचा मोह होतो. चालकाला बेजबाबदार म्हणणे सोपे आहे. पण त्याला घाई कोण करतो, हेही विचारले पाहिजे. फेरीवर पैसे मोजणारा मालक आणि गाडी लवकर हलवा म्हणून ओरडणारा यार्डाचा मुकादम या दोघांचाही त्या घाईत वाटा असतो.

पावसाळ्यात त्यात जमिनीची भर पडते. उरणच्या द्रोणागिरी परिसरातल्या बऱ्याच मोकळ्या जागा भराव टाकून केलेल्या आहेत. जुलैत तिथे उभ्या केलेल्या भरलेल्या ट्रेलरचे पाय रातोरात जमिनीत रुततात, काही वेळा एकच पाय रुततो, आणि सकाळी घोडा मागे घेताना पत्रा एका बाजूला कललेला असतो. पायांखाली जाड लाकडी फळ्या किंवा लोखंडी तबके ठेवली तर हे टळते. हा खर्च एका पंक्चरच्या खर्चाएवढाही नसेल. तरी ती ठेवलेली अभावानेच दिसतात.

चांगला चालक घोडा कसा मागे घेतो, हे पाहण्यासारखे असते. तो आधी ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावून घेतो आणि ट्रेलरचा पार्किंग ब्रेक लागला आहे का ते पाहतो. मग घोडा ट्रेलरच्या सरळ रेषेत आणतो. दोन्ही आरशांत मागच्या टायरची बाहेरची कड आणि ट्रेलरची कड यांतले अंतर सारखे दिसेपर्यंत तो आत शिरत नाही. ट्रेलरच्या हातभर अलीकडे थांबून तो खाली उतरतो, उंची पाहतो, जबडा उघडा आहे आणि चकती मागे कललेली आहे याची खात्री करतो, आणि मगच उरलेले अंतर अगदी संथ वेगाने घेतो. जबडा मिटल्याचा आवाज आला की अर्धे काम झाले, असे तो मानतो. पुढे लँडिंग लेग जमिनीपासून जरासे उचलून, ट्रेलरचे ब्रेक लागलेलेच ठेवून, खालच्या गिअरमध्ये घोडा हलकेच पुढे ओढून पाहायचा असतो. जोडणी कच्ची असेल आणि पिन सुटलीच, तर ट्रेलर बोटभर खाली येऊन पायांवर टेकतो; म्हणूनच या टप्प्यावर पाय पूर्ण वर घ्यायचे नसतात.

या ओढून पाहण्यावरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. उंचावर अडकलेली पिन कधी कधी तो हलका ताण सहज सहन करते. त्यामुळे बॅटरी घेऊन ट्रेलरखाली वाकून पाहण्याला पर्याय नाही. पत्रा आणि चकती यांच्यामध्ये उजेडाची फट दिसता कामा नये, जबडा पिनेच्या मानेभोवती पूर्ण मिटलेला असावा, लॉकचे हँडल पूर्ण आत गेलेले असावे आणि त्याची सुरक्षा क्लिप लागलेली असावी. यानंतर हवेचे लाल आणि पिवळे पाइप आणि विजेची केबल जोडायची, दिवे तपासायचे, पाय पूर्ण वर घ्यायचे आणि सर्वांत शेवटी ठोकळे काढायचे. पाइप जोडण्याआधी ट्रेलरचा पार्किंग ब्रेक पाहिला नसेल, तर लाल पाइप जोडताच हवा भरून ट्रेलरचे ब्रेक सुटतात आणि गाडी घरंगळते. दोन वाहनांच्या मध्ये उभा राहून पाइप लावणाऱ्या माणसाला त्या वेळी बाजूला व्हायला जागा नसते. ब्रिटनमध्ये अशा अपघातांत चालकांचे जीव गेले आहेत आणि तिथल्या आरोग्य व सुरक्षा विभागाने त्यावर स्पष्ट सूचना काढलेल्या आहेत.

आता साधनांविषयी. जोस्ट, सॅफ-हॉलंड यांसारखे उत्पादक चकतीत सेन्सर बसवून देतात. पिन पोहोचली का, पत्रा टेकला का आणि लॉक लागले का, हे चालकाला केबिनमध्ये दिसते. मागचा कॅमेराही उपयोगी आहे, कारण रेष जुळवण्याचे काम तो सोपे करतो. ही साधने यावीत, नव्या घोड्यांवर ती मिळावीत, याला माझा विरोध नाही. परंतु बंदरालगतच्या खाऱ्या हवेत आणि धुळीत, महिनोन्‌महिने न पुसलेल्या ग्रीसच्या थरात हे सेन्सर किती काळ खरे बोलतील, याची मला शंका वाटते. जुने ग्रीस वाळूसकट घट्ट होऊन बसले की जबडाच नीट मिटत नाही. ते खरवडून नवे लावणे हे काम सेन्सरच्या आधीचे आहे. ठोकळे, बॅटरी, फळ्या आणि पिनेची झीज मोजणारे मापपट्टीसारखे साधे गेज या चार वस्तू प्रत्येक यार्डात असल्या, तरी पुष्कळ फरक पडेल.

शिकण्याचा प्रश्न उरतोच. अमेरिकेत जोडवाहनाच्या परवान्याचा अभ्यास करताना जोडण्याचा आणि सोडवण्याचा क्रम पायरीपायरीने शिकावा लागतो. तिथे पिकअपच्या हौद्यात असाच लहान जोड बसवून घराएवढा ट्रेलर सहलीला नेणारी निवृत्त मंडळीही निघण्याआधी तो ओढून पाहतात. आपल्याकडे क्लीनर हे सगळे उस्तादाकडून पाहून पाहून शिकतो. उस्ताद नेटका असेल तर तोही नेटका होतो, आणि उस्तादाने ठोकळे कधीच लावले नसतील तर यालाही ते लावायचे सुचत नाही.

जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि आज तिथे ट्रेलरसाठी केंद्रीय वाहनतळ आहे. चालकांना तिथे आपल्या पाळीची वाट पाहत थांबावे लागते. त्या वेळात वाहनतळाच्या एका कोपऱ्यात एक जुना घोडा आणि एक रिकामा ट्रेलर उभा करून जोडणीचे प्रात्यक्षिक दाखवणे बंदर प्राधिकरणाला आणि वाहतूकदारांच्या संघटनांना जड जाऊ नये. ते मराठीबरोबर हिंदीतही असावे, कारण या धंद्यातले असंख्य चालक उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले आहेत. यार्डमालकांनी जोडणीसाठी पक्क्या सिमेंटची, दिव्यांची एक जागा राखून ठेवावी आणि त्या जागेवरच्या गाडीला पंधरा मिनिटे कोणीही हॉर्न देऊ नये, असा नियम करावा. आपल्या बातमीदारांनाही एक विनंती आहे: यापुढे ट्रेलर सुटल्याची बातमी देताना पोलिसांना आणि मोटार वाहन निरीक्षकांना लॉक, क्लिप आणि किंगपिनची झीज तपासली का, एवढे जरूर विचारावे आणि मिळालेले उत्तर छापावे.

आपला नम्र,
ट्रेलर व्यवसायातील एक वाचक, उरण